एकांकिकेत आरेचा वारली पाडा दाखवायचाय: चौक, तारपा, बोली यातलं काय ठेवावं, काय काढावं?

विंगेतला_मुंबईकर

नमस्कार मंडळी. ४० मिनिटांची एकांकिका बसवतोय. घडते मुंबईच्या आरे कॉलनीतल्या एका पाड्यात. घर सोडून इमारतीतल्या खोलीत जायचं की नाही, यावरून एका वारली कुटुंबात फूट पडते. कलाकार १२, सगळे दादर-परळ-ठाण्याचे, वारली कुणी नाही.

आत्ताचा आराखडा: मागे १२ बाय ८ फुटांच्या फ्लॅटवर (चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर) लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवर काढतात ते विधीचं चित्र, सुरुवातीला ट्रॅकवर तारपा नाच, संवाद ‘आदिवासी ढंगा’च्या मराठीत आणि सगळ्यांना दोन शेड गडद पॅनकेक मेकअप. तालमीला आलेल्या एका ज्येष्ठांनी ‘ही उचलेगिरी आहे’ एवढंच म्हटलं आणि चहा पिऊन गेले. नेमकं काय खटकतंय? सेट लावायला १५ मिनिटं मिळतात, त्या हिशेबानं सांगा.

गेरूचा_हात

पॅनकेक आजच रद्द करा. आदिवासी म्हणजे काळा रंग फासायचा, हे पाहून समोर बसलेल्या वारली प्रेक्षकाचं नाटक तिथेच संपतं. शिवाय स्टेजच्या पार (PAR) लाइटखाली दहाव्या मिनिटाला घाम फुटतो, मान एका रंगाची, हात दुसऱ्या रंगाचे दिसतात आणि कॉलर रंगते ती वेगळीच.

आता चौक. वारली घरात तो लग्नाच्या वेळी लिहितात, लिहायचा मान सवाशिणींचा. मधोमध पालघट देवी असते, देवचौकात पंचशिऱ्या देव. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही आणि लग्न लावते धवलेरी, तिच्या गाण्यांनी. तुमच्या नाटकात लग्नच नाही. मग मागे चौक म्हणजे बारशाच्या सीनमागे अंतरपाट धरून उभं राहण्यासारखं आहे.

चित्रं हवीतच तर रोजच्या जगण्याची घ्या: भाताची लावणी, गुरं, मुंग्यांची रांग, झाडं. ही वाट १९७०च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर रुळवली (२०११ साली पद्मश्री). तेव्हापासून ती बाजारात आणि प्रदर्शनांत उघडपणे चालत आलीय, तिथे विधीचा भंग होत नाही. पण नेटवरून स्टेन्सिल उतरवू नका. त्यात तारपा वाजवणारा गोलाबाहेर उभा असतो आणि सगळी माणसं एकाच साच्यातली असतात. डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या किंवा आरेतल्याच चित्रकाराला बोलवा.

फ्लॅटचं तंत्र: घरच्या भिंतीवर गेरू आणि तांदळाच्या पिठाचं पाणी चालतं, कॅनव्हासवर नाही. पीठ वाळून तडकतं आणि कापड गुंडाळलं की गळतं. गेरूत पाण्याच्या साधारण चौथाई फेविकॉल घाला, दोन पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या. फेविकॉल कमी पडलं तर कलाकारांच्या पाठी लाल होतात. पांढऱ्यासाठी मॅट ॲक्रिलिक. दहाव्या रांगेतून फार बारीक रेघ उठून दिसत नाही, म्हणून माणसाची आकृती फूटभर तरी उंच हवी. दिव्यावर निळी जेल (रंगीत पारदर्शक कागद) टाकलीत तर गेरू काळा पडतो.

आणि एक गोष्ट: आरेतल्या बऱ्याच घरांना विटा आणि पत्रे आहेत, चितारलेल्या भिंती सगळीकडे नाहीत. निळा पाण्याचा ड्रम, मीटरचा डबा आणि दोरीवरचा युनिफॉर्म एवढ्यानं पाडा जास्त खरा दिसेल.

खळ्यावरचा

तारप्याबद्दल. सुकवलेला भोपळा, त्याखाली बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा असं ते वाद्य. वादकानं सूर बदलला की नाचणाऱ्यांचं पाऊल बदलतं, सगळा नाच त्यावर चालतो. ट्रॅक लावलात की पोरं आठ-आठ मात्रा मोजायला लागतात आणि गॅदरिंगचा ग्रुप डान्स होतो. कीबोर्डवरचा पुंगीचा आवाज तर ऐकवतच नाही.

नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी करतात, वादकाभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. रंगमंचावर नेमकं इथेच बिनसतं. प्रेक्षकांना चेहरे दिसावेत म्हणून गोल उघडून अर्धचंद्र करतात आणि वादक मागे एकटा पडतो. गोल मोडू नका. प्रेक्षकांना अधूनमधून पाठ दिसली तर दिसू द्या. १२ जणांची साखळी १२-१३ फुटांच्या जागेत आरामात फिरते. कर्ण्याजवळ माइक नको, आवाज पुरेसा मोठा असतो.

वेळही पाहा. तारपा पावसाळा सरताना, नवं भात येतं तेव्हापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतचा. तुमचा पहिला प्रवेश भर उन्हाळ्यातला असेल तर जाणकार तिथेच हसेल. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीचा संदर्भ असेल तर गोष्ट वेगळी. वादक मिळाला नाही, तर नाचच काढा. सुरुवात ‘रंगतदार’ व्हावी एवढ्यासाठीच तो असेल, तर तसाही काढा.

विंगेतला_मुंबईकर

पॅनकेक आणि नाच दोन्ही काढले. बोलीचं काय करू? शुद्ध मराठी बोलले तर पाडा वाटणार नाही, मोडकं बोलले तर टिंगल वाटेल.

प्रॉम्प्टर

‘आदिवासी ढंग’ नावाची बोली कुठेच बोलत नाहीत, ती सिनेमावाल्यांची. पाड्यात आजी घरात वारली बोलेल, बाप मराठी-वारलीची सरमिसळ करेल, कॉलेजातली मुलगी तुमच्यासारखंच मुंबईचं मराठी आणि मध्येच हिंदी. तीन पिढ्यांना तीन भाषा द्या, फूटही आपोआप दिसेल.

आजीचे संवाद आरेतल्याच कुणाकडून वारलीत करून घ्या. डहाणूकडची बोली आरेत जशीच्या तशी लावू नका. प्रत्येक संवाद मोबाइलवर दोनदा रेकॉर्ड करा, एकदा सावकाश, एकदा बोलण्याच्या वेगानं. पाठांतर कागदावरून नको, कानावरून. रंगीत तालमीत हशा विनोदावर येतोय की उच्चारावर, हे पाहा. उच्चारावर आला तर ते वाक्य कापा, कितीही टाळ्या मिळत असल्या तरी.

बिबट्याचा प्रसंग असेल तर जपून. वारली वाघोबाला पुजतात, वाघबारसेला त्याचा मान असतो. पाड्यातली माणसं बिबट्याला नुसती घाबरलेली दाखवलीत तर ते शहराचं भय झालं, पाड्याचं नव्हे.

कलम_खातं

कागदपत्रांचं बघा, एकांकिकावाले हे हमखास विसरतात. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे तोंडी व्यवहार केलात तर चित्रकाराचा हक्क त्याच्या नकळत तुमच्याकडे येतो. साध्या कागदावर लिहा: हक्क चित्रकाराचा, संस्थेला फक्त प्रयोगासाठी वापर.

वारली बोलणाऱ्या आजीसाठी कुणी बाहेरची कलाकार घेतलीत, तर कलम ३८ प्रमाणे तिच्या सादरीकरणावर तिचा स्वतंत्र हक्क असतो. प्रयोगाची परवानगी म्हणजे रीलची परवानगी नव्हे, ती वेगळी घ्या. मानधन तालमींचंही धरा. डहाणूहून कुणी येणार असेल तर शेवटच्या लोकलची वेळ आधी बघा, नाहीतर मुक्कामाची सोय करा.

श्रेयनामावलीत ‘वारली समाजाच्या संमतीने’ असं लिहू नका. संमती दिली ती एका-दोघांनी, त्यांची नावं त्यांना विचारून लिहा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाला प्रयोगाचं प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी मंडळाकडे) पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवा. एकदा प्रमाणपत्र आलं की कुणी शब्द बदलायला तयार होत नाही.

गेरूचा_हात

आजी आहे म्हटल्यावर चौकाबद्दल थोडं मागे येतो. तिच्या लग्नाचा जुना चौक भिंतीवर आहे आणि घर सोडलं तर तो मागे राहणार, असं संहितेत असेल तर तो नाटकाचाच भाग झाला. मग चौकट आणि तिची नक्षी दाखवा, मधली देवीची जागा विरलेली, रिकामी ठेवा. मात्र रिकामी ठेवलेली चालेल का, हे एखाद्या सवाशिणीला विचारून घ्या. नको म्हणाली तर त्या भिंतीसमोर पत्र्याचं कपाट उभं करा आणि आजीला नुसतं तिकडे बघू द्या.