गरम गाडी बंद केली की परत चालू राहत नाही: तुमचे अनुभव सांगा

घाटवाट
काल साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडं पंपावर एक पोरगं किका मारून घामाघूम झालेलं बघितलं. गाडी चालवतच आणलेली. पेट्रोल भरलं, किक मारली, भुर्र करून गप्प. परत तेच. मागची रांग हॉर्न देतीय. त्याला कडंला घेतलं आणि म्हटलं, जरा गार होऊ दे, होईल चालू. झाली. मला कळायचं कारण म्हणजे वडिलांच्या जुन्या शंभर सीसी गाडीनं हेच नाटक आमच्या घरात अख्खा उन्हाळा केलं होतं.

सकाळी अर्ध्या किकेत चालू. कोरेगावपर्यंत एकसारखी पळणार. पण वाटेत चहाला थांबलं की संपलं. गॅरेजमध्ये नेऊन नंबर लागेपर्यंत गाडी गार, मग मिस्त्री किक मारणार, ती पहिल्या झटक्यात चालू होणार, आणि तो वडिलांना विचारणार, "चोक ओढता का काका?" प्लग बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला, एअर फिल्टर नवा टाकला. शेवटी समर्थ मंदिराच्या बाजूच्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, यवतेश्वर चढून या आणि इंजिन बंद न करता दारात आणा.

आणली. त्यांनी स्वतः बंद केली आणि किकचा दांडा नुसत्या हातानं खाली दाबला. सुळकन गेला. गार असताना तोच दांडा अंगठा दुखवायचा. "दाबच नाही हिच्यात. टॅपेट टाईट हाय." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला दाबणारा भाग, त्या दोघांमध्ये बारीक फट ठेवलेली असते. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत (सीटमध्ये) खोल बसत जातो आणि ही फट कमी होते. गार असताना जेमतेम भागतं. तापल्यावर धातू वाढतो, फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. वेगात असताना इंजिन ते रेटून नेतं, पण किकेच्या त्या हळू फेऱ्यात पेट घेत नाही.

लगेच करून द्या म्हटलं तर नाही म्हणाले. रात्रभर ठेवून घेतली, कारण टॅपेट गार इंजिनावरच करायचे असतात. सकाळी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून सेट केलं. आणि गंमत म्हणजे वडील आधी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, "आवाज बघा कसा, टॅपेट अजिबात वाजत नाहीत." फटच उरली नव्हती, वाजणार काय!

तुमच्या गाड्यांचं काय निघालं? मिस्त्रींचे किस्सेही येऊ द्या.

मिरज_जंक्शन
आमची कॉइल. पुण्याहून येताना खंबाटकी चढून वर थांबलो, मग काही केल्या स्पार्क नाही. बरोबरचा मित्र वायरमन. त्यानं टाकीखालच्या एचटी कॉइलवर (प्लगला स्पार्कचा करंट देणारी) ओलं फडकं टाकलं, चालू झाली. साताऱ्यापर्यंत फडकं ओलं करत आलो. तापली की आतली वायंडिंग तुटायची, गार झाली की जुळायची. नवी टाकली, विषय संपला.

तिखटमीठ
खंबाटकीवरून आठवलं, त्या नवीन बोगद्याचं काय झालं ओ?

मिरज_जंक्शन
ते तुम्ही जाऊन बघा आणि आम्हाला सांगा 😄

हळदीचा_वास
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. माझी मोपेड आहे, किक नाही फक्त बटण, चालेल ना? गणपती पेठेत खरेदी करून आले की हमखास बंद. पेट्रोलचा भपकारा यायचा. दीर म्हणाले बॅटरी. बॅटरी नवी घेतली, काही फरक नाही. मग कळलं की हिला ऑटो चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा) असतो, त्याला करंट मिळाला की तो तापून आपोआप बंद होतो. त्याची वायर उंदरानं कुरतडलेली! म्हणजे चोक कायम ओढलेलाच. गार असताना छान चालू, गरम झाल्यावर पेट्रोल जास्त होऊन मरायची. पन्नास रुपयांच्या आत काम झालं, बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच.

घाटवाट
ताई, चालेल काय, पळेल. उंदीर सापडला का?

हळदीचा_वास
नाही ना. आता सोफ्यात आहे.

काळी_माती
पेट्रोल ओव्हर होत असंल तर एक करायचं. चोकला हात लावायचा नाय, रेस पूर्ण पिळून धरायची आणि किका मारायच्या. जास्तीची हवा आत जाऊन प्लग सुकतो. लोकं उलटं करत्यात, चालू होईना की चोक ओढत्यात. प्लग अजून भिजतो. आमच्या पलूसला उसाच्या फडावर हेच बघतो रोज. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या पिनला (ती पेट्रोल अडवती) कचरा अडकला तरी हेच हुतं, गाडी उभी असताना पेट्रोल आत पाझरत राहतं.

बीएस६वाला
वरचं सगळं कार्बोरेटरच्या जमान्यातलं 😄 १ एप्रिल २०२० नंतरची नवी गाडी असेल तर बहुधा फ्युएल इंजेक्शन, तिथं चोकच नाही. माझ्या गाडीत टेंपरेचर सेन्सर निघाला. इंजिन तापलेलं असलं तरी तो ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) सांगायचा "गार आहे", मग ईसीयू पेट्रोल वाढवायचा. परिणाम तोच, काळा प्लग आणि बंद. चेक इंजिनचा दिवा मात्र लागला नव्हता, कारण सेन्सर तुटला नव्हता, नुसता खोटं बोलत होता.

तिखटमीठ
खोटं बोलत होता 😂 आमच्या हापिसात असे बरेच सेन्सर आहेत.

आयर्विनच्या_पलीकडे
२०१९ च्या पुरात आमची गाडी पार बुडाली होती. पाणी उतरल्यावर ऑईल दोनदा बदललं, वायरिंग सुकवलं, चालूही झाली. पण त्यानंतर तापली की बंद, कधी चालता चालता कधी थांबल्यावर. टाकी आतून गंजलेली. गंजाची भुकटी नळीत. शिवाय झाकणाचं बारीक छिद्र गाळानं बुजलेलं. त्यामुळे टाकीत हवाच शिरत नव्हती, पेट्रोल उतरायचं बंद. झाकण उघडलं की फुस्स आवाज यायचा आणि गाडी लगेच चालू. तुमची गाडी बंद पडली तर आधी झाकण उघडून बघा, फुकटचं काम आहे.

त्या वर्षी घरातलं इतकं गेलं की गाडीचं कुणाला काही वाटलंच नाही. आता लिहिताना आठवतंय.

हळदीचा_वास
तुम्ही सांगलीवाडीला का? आमची आत्या तिथंच. त्यांना होडीनं काढलं होतं. तेव्हापासून ती पंचनाम्याची पिशवी उशाखाली घेऊन झोपते.

आयर्विनच्या_पलीकडे
हो, सांगलीवाडीच. आत्या कुठल्या गल्लीतल्या? बोलू सवडीनं.

नवीन_आलो
नमस्कार. दीडशे सीसी, कार्बोरेटरची. विट्यावरून येताना तासगावात थांबलो, पंधरा मिनिटांत परत निघालो तर चालू होऊन दोन सेकंदांत बंद. किक दाबून बघितली, कडक आहे. मग टॅपेट नाही ना?

घाटवाट
तापलेली असताना कडक लागत असेल तर बहुतेक नाही. बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, स्पार्क बघा. नंतर बघून उपयोग नाही. जवळ प्लगपाना आणि एक जादा प्लग ठेवा. गाडीतला प्लग काढायचीही गरज नाही, कॅप काढून त्यात जादा प्लग बसवा, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा, किक मारा. पेट्रोल सांडलेलं असेल तर हे करू नका. स्पार्क नाही तर कॉइल नाहीतर पिकअप कॉइल (स्पार्क कधी द्यायचा ते सांगणारी). स्पार्क आहे तर गाडीतला प्लग काढून बघा, ओला असेल तर पेट्रोल जास्त, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही.

काळी_माती
प्लग काढताना हात भाजंल, फडकं घ्या. आणि गरम हेडमधून जोर लावून काढू नका, आटे जात्यात. मग खर्च बघा.

बीएस६वाला
आयडल (रेस सोडल्यावरचा वेग, म्हणजे स्लो) पण बघा. तापल्यावर स्लो खूप खाली असेल तरी अशीच दोन सेकंदांत मरते. स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आत, बस.

मिरज_जंक्शन
हे आधी सांगायचं की मर्दा, सगळ्यात स्वस्त हेच!

नवीन_आलो
स्लो वाढवला, फरक नाही. रविवारी तासगाव रस्त्याला परत तापवून स्पार्क बघतो.

तिखटमीठ
तासगावला जाताच आहात तर बेदाणे घेऊन या. साधे नको, हिरवे. पैसे पाठवतो.

नवीन_आलो
किती आणू? गाडी परत आली तर आणतो 😄

तिखटमीठ
दोन किलो. गाडी नाही आली तर एसटीनं पाठवा.