खेकड्याच्या गरात कॅडमियम असतं का? उकळून जातं का?

टाकळीची_सून
पावसाळा लागला की आमच्या सासूबाईंना खेकडे हवेच. मंगळवारी बाजारातून जिवंत आणतात, दोऱ्याने बांधलेले. नांग्या आणि पाय पाट्यावर कुटायचे, पाणी घालून रस गाळायचा, त्यातच सावजी मसाल्याचा रस्सा. पाठीचं कवच उघडलं की आतला पिवळा-तपकिरी गर चमच्याने काढून तोही वाटणात. नणंद बाळंतपणाला आलीय, सातवा महिना. "हाच गर ताकदीचा" म्हणून तिच्या वाटीत जास्त. भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलं की खेकडे-झिंग्यांत कॅडमियम, शिसं, आर्सेनिक, पारा असे विषारी धातू असतात. घरात दोन पार्ट्या झाल्यात. भरपूर उकळलं तर जातं का हे? आणि सुके झिंगे तर आमच्याकडे बारा महिने असतात.

निवृत्त_केमिस्ट
सूनबाई, उकळून जंतू मरतात, धातू नाही. थोडं कॅडमियम पाण्यात उतरतं, पण तुमच्याकडे ते पाणीच रस्सा आहे!

चार नावं एका दमात घेतली की घाबरायला होतं, पण प्रत्येकाची गोष्ट वेगळी. झिंग्यातलं आर्सेनिक, निदान समुद्री मालातलं, बहुतेक आर्सेनोबीटेन नावाच्या, फारशा अपायकारक नसलेल्या रूपात असतं आणि लघवीवाटे निघून जातं. पारा मोठ्या शिकारी माशांत साठतो, झिंग्यांत कमीच.

खरी काळजी कॅडमियमची, आणि ते त्या गरातच. तो गर म्हणजे खेकड्याचं यकृत आणि स्वादुपिंड एकत्र. पाण्यातून, चिखलातून आलेलं तिथेच साठतं. पायातल्या पांढऱ्या मांसात फार कमी. युरोपात मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे, तीही पांढऱ्या मांसापुरती. गर त्यात धरतच नाहीत. तिथल्याच अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये माणसासाठी आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम कॅडमियमची मर्यादा ठरवली. ६० किलोच्या बाईला १५० झाले. अगदी मर्यादेवरचं पांढरं मांस धरलं तरी ३०० ग्रॅम लागेल. एवढं मांस काढायला किती खेकडे फोडावे लागतील, सासूबाईंनाच विचारा. गराचा हिशोब मात्र असा निवांत नाही.

कॅडमियम मूत्रपिंडात बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही. शरीरात लोह कमी असेल तर आतडं ते जास्त ओढून घेतं. गरोदरपणात आपल्याकडे किती जणींचं हिमोग्लोबिन बरं असतं? नणंदेला गर नको. कुटलेल्या पायांचा रस चालेल.

पवनीवाला
काका, गर फेकाचा म्हणजे खेकडा आणून फायदा काय जी? आमच्या इकडं तर बांधीतले, म्हंजे धानाच्या शेतातले, खेकडे खातेत, शहरातले नाही. त्याईले काय होते?

निवृत्त_केमिस्ट
बांधीतला बराच बरा, पवनीवाले. पण तुमच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात नागपूरचंच सांडपाणी येतं, नाग नदीतून कन्हान, कन्हानमधून वैनगंगा. जुलै २०२२ मध्ये कोराडीला वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला होता. कोळशाच्या राखेत हे सगळे धातू थोडेथोडे असतातच. म्हणून मी आधी विचारतो, खेकडा धरला कुठे. नाल्याच्या तोंडाशी, राखेच्या पाण्यात धरलेला फुकट दिला तरी नको. धडधाकट माणसाने पावसाळ्यात दोनचारदा गर चाखला तर मी हात धरणार नाही.

टाकळीची_सून
आणि सुके झिंगे?

निवृत्त_केमिस्ट
ताज्या झिंग्यात पाऊण हिस्सा पाणीच. वाळला की धातू तेवढाच राहतो, वजन घटतं. त्यात आपण तो डोक्यासकट भाजतो, आणि तोच साठवणारा अवयव डोक्यात असतो. मोठा असेल तर डोकं मोडून टाका. बारीक असेल तर मूठभर नको, चिमूटभर घाला वांग्यात, आणि रोज नको. तव्यावर भाजण्याआधी धुऊन घ्या, वाळूही जाते.

टाकळीची_सून
लोहाचं ऐकून नणंदेने स्वतःच वाटी सरकवली. सासूबाई म्हणतात, मग गर मला वाढा, मला आता कुठे पोरं व्हायची आहेत.

निवृत्त_केमिस्ट
त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी, कधी तपासलंय का? साखर-बीपी असेल तर त्यांनाही नाही.