कॉलनीत गाड्या सुसाट, आपण पोरांनी मिळून काय करता येईल?

पिंप्राळेकर:
जळगावला पिंप्राळ्याकडे कॉलनीत राहतो. हायवेला जाम लागला की सगळी गर्दी आमच्या गल्लीतून शॉर्टकट मारते, त्यात संध्याकाळी क्लास सुटले की पोरं मोपेडवर ट्रिपल सीट अशी सुटतात की ओपन स्पेसमधे बसायला येणाऱ्या आज्यांनी रस्ता ओलांडायचंच सोडलंय. आम्ही आठ-दहा जणं उभं राहायला तयार आहोत, चमकणारी जाकिटं पण घेऊ. पण करायचं काय, गाड्या अडवायच्या का? का सरळ स्पीडब्रेकर टाकून मोकळं व्हायचं?

भुसावळवाला:
अडवू नका भो. कागदं मागायचा हक्क पोलिसांचा, अन एखाद्याने अंगावरच घातली तर? त्यापेक्षा मोजा. रस्त्याच्या कडेला चुन्याने ५० मीटरवर दोन रेघा मारा, एकाने पहिल्या रेघेवर गाडी आली की हात खाली करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या रेघेवर मोबाईलचं स्टॉपवॉच धरायचं. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ३ सेकंदात पार म्हणजे ६०. वहीत वेळ, गाडी, सेकंद, बस. इंग्लंडमधे असंच काहीसं कम्युनिटी स्पीडवॉच म्हणून चालतं, पोलीस ट्रेनिंग देतात, लोकं मोजतात, गाडीमालकाला समजेचं पत्र जातं, दंड नाही. आपल्याकडे स्टॉपवॉचवर चलान फाटणार नाही, पण आठवड्याची वही घेऊन वाहतूक शाखेत गेलं तर "साहेब लई फास्ट जातात" यापेक्षा वजन पडतं.

धुळ्याची_ताई:
स्पीडब्रेकर घरचा टाकू नका प्लीज. आमच्या गल्लीत रातोरात सिमेंटचा उंचवटा केला, ना पांढरे पट्टे ना बोर्ड, पहाटे दूधवाला कॅनसकट आपटला. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने तो गाडी जायच्या दिशेने ३.७ मीटर रुंद अन १० सेंटीमीटर उंच लागतो, आपल्याकडे आडवी भिंतच बांधतात. सह्यांचा अर्ज महापालिकेत द्या, अन पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

शिरपूरना_भो:
आमनी गल्लीमा बी हाईच शे भो. पण मोजाल तेव्हा बघा, बऱ्याच गाड्या कॉलनीतल्याच निघतील, अन भाच्याचा नंबर वहीत लिहायला कोणाचा हात चालत नाही. अल्पवयीन पोरं असतील तर त्यांच्या बापांना मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ वाचून दाखवा, पालकाला नाहीतर गाडीमालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द. गणपती मंडळाच्या मीटिंगला सांगा, तिथे सगळे बाप एका जागी सापडतात.

पिंप्राळेकर:
मोजायचं आवडलं. पण आमचा सरळ पट्टा ५० मीटर नाहीच, मधेच वळण आहे. ३० मीटर चालेल का?

भुसावळवाला:
चालेल की, ३.६ सेकंद म्हणजे ताशी ३०. पण ६० ला फक्त १.८ सेकंद मिळतात, बोट जरा उशिरा दाबलं की आकडा बोंबलला. दोन्ही रेघा दिसतील असा गच्चीवरून व्हिडीओ काढा अन घरी बसून सेकंद मोजा.