मदत हवी आहे: पुराचं टेन्शन आणि पोटातलं बाळ

नमस्कार मंडळी, वहिनीला सातवा चालू आहे आणि तिचं माहेर कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली, पुराचं गाव, म्हणजे कळलंच असेल तुम्हाला. २०१९ ला त्यांचं घर पाण्यात गेलेलं, तेव्हापासून पाऊस लागला की ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसते, ३९ फूट इशारा ४३ धोका हे तिला तोंडपाठ आहे, रात्री झोप नाही, जेवण पण अर्धवटच. आई म्हणते अशानं बाळ रडकं होतं, ते ऐकून ती आणखीनच घाबरते.

मी थोडं वाचलं. ताण आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, पण वार (प्लॅसेंटा) त्यातलं बरंचसं निकामी करते, सगळं बाळापर्यंत जात नाही. म्हणजे एखाद्या दिवसाच्या रडण्यानं काही बिघडत नाही. पण खूप दिवस जोराचा ताण राहिला तर लवकर डिलिव्हरी किंवा अडीच किलोच्या खाली वजन याची शक्यता वाढते म्हणे. कॅनडात १९९८ च्या बर्फाच्या वादळात ज्या बायका गरोदर होत्या त्यांच्या मुलांचा तर कित्येक वर्षं अभ्यास झालाय. हे काय मी तिला सांगितलेलं नाही बरं का!

डॉक्टर नुसतं टेन्शन घेऊ नका म्हणतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. तर राजारामपुरी, शाहूपुरीकडं गरोदर बायकांशी नीट बोलणारं कुणी काउन्सेलर माहीत आहे का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर कुणी फोन केलाय का, मराठीत बोलतात ना? आणि तिचा मोबाईल कसा सोडवायचा तेवढं सांगा, काढून घेतला तर जास्तच घालमेल होते तिची.