अष्टचंगवर स्वतंत्र लेख हवा की सारीपाटात एक परिच्छेद पुरे?

कवडीवाली:
मराठी विकिपीडियासाठी अष्टचंगचा मसुदा लिहून ठेवलाय, पण दोघातिघांचं म्हणणं पडलं की या खेळाला उल्लेखनीयता नाही, म्हणजे स्वतंत्र लेख व्हावा इतकं त्यावर कुणी लिहिलेलं नाही, सारीपाटाच्या लेखात चार ओळी घाल आणि विषय संपव. मला हे अजिबात पटत नाहीये. सारीपाटाचा पट अधिकच्या चिन्हासारखा, चार पट्ट्या, प्रत्येकीत २४ म्हणजे ९६ घरं. अष्टचंगचा पट ५ बाय ५ चा, २५ घरं, सोंगटी बाहेरची १६ घरं एका दिशेने फिरते, मग आतल्या ८ घरांत उलट्या दिशेने आणि शेवटी मधल्या घरात. आमच्याकडे तर एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाऊच द्यायचे नाहीत. चार कवड्या, चारही उताण्या पडल्या की ४, सगळ्या पालथ्या पडल्या की ८ आणि पुन्हा दान, नावसुद्धा त्यावरूनच पडलंय. एवढं सगळं वेगळं असताना एक परिच्छेद?

संदर्भ आधी:
खेळ वेगळा आहे हे मान्य, पण मुद्दा तो नाहीच. स्वतंत्र लेखासाठी दुसऱ्या कुणीतरी, खेळाशी संबंध नसलेल्याने, त्यावर सविस्तर लिहिलेलं लागतं. तुझ्या मसुद्यात नियमांचा अख्खा भाग "आमच्याकडे असं खेळायचे" वर उभा आहे. ते खरं असेल, नव्हे असणारच, पण वाचणाऱ्याने पडताळायचं कुठे? उद्या कुणीही येऊन आपल्या वाड्यातला नियम लिहील. अष्टा चम्मा या त्याच्या तेलुगू नावाने शोधलं तर २००८ चा तेलुगू सिनेमा समोर येतो.

वऱ्हाडी:
तेलुगू सिनेमाला ज्या खेळाचं नाव द्यावंसं वाटलं तो अनोळखी कसा म्हणायचा? खरी अडचण नावांची आहे. आमच्याकडे चल्लस आठ म्हणतात, कन्नडमध्ये चौका बारा, तमिळमध्ये दायम. एकेका नावाखाली थोडंथोडंच सापडतं म्हणून खेळ छोटा वाटतो, सगळी नावं एकत्र धरली तर नाही वाटणार. एच. जे. आर. मरे यांनी १९५२ मध्ये बुद्धिबळ सोडून इतर बैठ्या खेळांचा इतिहास लिहिला त्यात भारतातले असे चौकोनी पटाचे खेळ आहेत. म्हैसूरचं रामसन्स कला प्रतिष्ठान तर जुन्या पटखेळांची प्रदर्शनं भरवतं.

संदर्भ आधी:
हे संदर्भ कामाचे आहेत, मी नाकारत नाही. पण मरे महाराष्ट्रातल्या घराघरांतले नियम सांगत नाहीत, आणि म्हैसूरच्या प्रदर्शनावरून वऱ्हाडातल्या चल्लस आठबद्दल काही सिद्ध होत नाही. नावं जोडताना तू स्वतःच ठरवतोयस की हे सगळे खेळ एकच. तेच मूळ संशोधन झालं, म्हणजे कुठेही न छापलेला स्वतःचा निष्कर्ष, आणि तो विकिपीडियावर चालत नाही.

कवडीवाली:
पण मग ज्या खेळाबद्दल बायकापोरांनी कधी काही लिहूनच ठेवलं नाही तो कायमचा बाहेरच राहणार का? माझी आजी पाट उलटा करून त्यावर कोळशाने घरं आखायची, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधे फुली, फुलीवर सोंगटी मरत नाही. कवड्या हरवल्या की चिंचोके फोडून, पांढरी बाजू दगडावर घासून गुळगुळीत करायची. हे कुठल्या पुस्तकात शोधू मी? आजी लिहायला शिकली नव्हती, ती काय संदर्भ ठेवून जाणार?

संदर्भ आधी:
आजीबद्दल एक शब्दही वावगा नाही माझा. हे रेकॉर्ड कर, मासिकात लेख लिही, कुठेतरी छापून येऊ दे, मग तो संदर्भ होतो. ज्ञानकोश ही त्याची पहिली जागा नव्हे.

वऱ्हाडी:
तोवर निदान छोटा लेख तरी राहू दे की. पटाचा आकार, कवड्यांचं दान, वेगवेगळ्या राज्यांतली नावं, एवढ्याला संदर्भ मिळतात. घरगुती नियम आत्ता काढून टाक, कवडीवाली, ते छापून आले की परत घालू. आणि पाटावरच्या पटाचा फोटो स्वतः काढून चढव, त्याला तर कुणाची हरकत नाही ना?

संदर्भ आधी:
फोटोला नाही. छोट्या लेखालाही दोन स्वतंत्र संदर्भ दाखवा, मी विलीनीकरणाचा आग्रह सोडतो. एकच असेल तर माझं मत बदललेलं नाही.

कवडीवाली:
पाट माळ्यावर आहे, रविवारी काढते. घरगुती नियम मसुद्यातून काढतेय, पण ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतेय, पुसणार नाही.