सनरूफच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळते : निचरा नळी घरी मोकळी करता येईल का?

माझ्या गाडीला सहा वर्षे झाली असून तिला काचेचे सरकते सनरूफ आहे. गेल्या महिन्यात दोनदा जोरदार पावसानंतर आरशाजवळ टपाच्या अस्तरावर बशीएवढा ओला डाग दिसला आणि पुढच्या डाव्या बाजूचा पायाखालचा गालिचाही भिजला. दोन्ही वेळा गाडी उतारावर, तोंड खालच्या बाजूला करून उभी होती. मध्यंतरी तेवढाच पाऊस गाडी सपाटीवर असताना झाला, तेव्हा अस्तर कोरडे राहिले, मात्र गालिचा किंचित दमट लागला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधीच सांगत आहे.

काचेभोवतीच्या रबराला सिलिकॉन लावून फट बुजवून टाका, असा सल्ला मला दोघांनी दिला. तसे करण्यापूर्वी रचना समजून घ्यावी म्हणून सनरूफ पूर्ण उघडून पाहिले. काचेखाली चारही बाजूंनी एक पन्हळ आहे आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यात एक छिद्र आहे. रबराला चुकवून आत आलेले पाणी या पन्हळीत साठावे आणि छिद्रांना जोडलेल्या नळ्यांतून, खांबांच्या आतून, गाडीबाहेर जावे अशी ही योजना आहे. म्हणजे थोडे पाणी आत येणार हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेले आहे आणि माझा दोष बहुधा पाणी आत येण्यात नसून ते बाहेर न जाण्यात आहे.

हे तपासण्यासाठी प्रत्येक छिद्रात पाव कप पाणी सावकाश ओतले. मागच्या दोन्ही नळ्यांचे पाणी काही क्षणांत मागच्या चाकांच्या मागे पडले आणि पुढच्या उजव्या नळीचे दाराच्या बिजागरीजवळून बाहेर आले. पुढच्या डाव्या कोपऱ्यात मात्र पाणी तसेच उभे राहिले. दहा मिनिटांत ते अर्ध्यावर आले आणि खाली जेमतेम चार-पाच थेंब दिसले. पाणी दुसरीकडून येत असल्याची शंका नको म्हणून सनरूफच्या कडेने चिकटपट्टी लावून पुढच्या काचेवर आणि अँटेनाच्या बुडाशी पंधरा मिनिटे नळीने पाणी सोडले, तेव्हा आत एक थेंबही आला नाही. गळती झाली त्या दिवसांत एसी बंद होता, त्यामुळे ते पाणीही नव्हे.

त्यानंतर गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात ती दोन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी, टोक गोल करून, वरून त्या नळीत सरकवली. सुमारे ९५ सेंटीमीटरवर ती अडते. जोर लावला तर नळी फाटेल किंवा सांध्यातून निसटेल या भीतीने मी तिथेच थांबलो आहे.

दोरी अडते ती नळीच्या वळणावर की साचलेल्या कचऱ्यावर, हे खांबाचे आवरण न काढता कसे ओळखावे? आवरण काढावेच लागले तर त्यामागच्या एअरबॅगच्या दृष्टीने ते घरी करणे कितपत योग्य आहे? आणि रबराला सिलिकॉन लावण्याचा काही उपयोग आहे का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांच्या अनुभवाची मला खरोखर गरज आहे.

प्रतिसाद

आपले निदान मला बरोबर वाटते आणि उताराचे निरीक्षण त्याला पुष्टी देते. तोंड खाली असताना तुंबलेले पाणी पन्हळीच्या पुढच्या काठावरून ओसंडून अस्तरावर पडते. सपाटीवर ते कोपऱ्यातून थोडे थोडे झिरपते आणि खांबाच्या आतून उतरून थेट गालिच्याखाली जाते. त्यामुळे अस्तर कोरडे दिसले तरी गळती थांबली असे मानू नये.

वळण की कचरा हे ओळखण्यासाठी आपल्याकडे उत्तम माप आहे, ते म्हणजे उजवीकडची चांगली नळी. तीच दोरी तिकडे सरकवा आणि ती कुठे अडखळते, किती लांबीवर बाहेर येते याच्या खुणा दोरीवर करा. दोन्ही नळ्यांचा मार्ग बहुधा सारखाच असतो. उजवीकडे ९५ सेंटीमीटरवर काही अडत नसेल, तर डावीकडे कचराच आहे.

माझ्या गाडीत कचरा नळीच्या अगदी खालच्या टोकाशी होता. तिथे चिरेसारखे तोंड असलेली रबराची टोपी असते. ती बाहेरचे पाणी आणि किडे अडवते, पण धूळ व पानांचा चुरा चिखल होऊन तिच्यातच बसतो. दार पूर्ण उघडून बिजागरीच्या बाजूला ती शोधा, बोटांनी दाबून चोळा आणि दोरी खालूनही हलकेच घाला. ओले ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर खालच्या टोकाला लावून कचरा ओढून घ्या. मोकळे झाल्यावर कोमट साबणपाणी सोडा. कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही मारू नका. पुष्कळ गाड्यांत ही नळी पन्हळीच्या तोटीवर नुसती दाबून बसवलेली असते आणि हवेच्या दाबाने ती अस्तराच्या आत सुटली, तर आज थोडे गळणारे पाणी उद्या सगळेच्या सगळे गाडीत उतरेल. धातूची तारही याच कारणासाठी टाळावी.

खांबाचे आवरण शक्यतो काढू नका. टपाच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते आणि आवरणाच्या काही खास क्लिपा एकदा काढल्यावर नव्याच बसवाव्या लागतात. त्या चुकीच्या बसल्या तर अपघातात एअरबॅग नीट उघडण्यात अडथळा येऊ शकतो. नळी मोकळी होऊनही पाणी आतच पडत असेल, तर ती तोटीवरून सुटली आहे असे समजावे आणि ते काम जाणकाराकडे सोपवावे.

सिलिकॉन लावू नये. काच सरकताना तो थर उखडतो, रबर खेचले जाते आणि तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते. रबर स्वच्छ पुसून त्याला रबरासाठी असलेले सिलिकॉन ग्रीस पातळ लावणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती अवश्य करावी.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. उजवीकडे दोरी कुठेही न अडता ११० सेंटीमीटरवर बाहेर आली, त्यामुळे डावीकडचा अडथळा शेवटच्या वितभर भागात आहे हे स्पष्ट झाले. बिजागरीमागची टोपी दाबताच काळा, चिकट चिखल बाहेर आला. नंतर खालून घातलेली दोरी सहज वर गेली आणि पाव कप पाणी आता उजवीकडच्याइतक्याच वेगाने निघून जाते.

एक काळजी उरली आहे. गालिचा वरून कोरडा लागतो, पण हाताने दाबला की खालच्या जाड स्पंजातून पाणी वर येते आणि कुबट वासही आहे. आसनाखालून वायरी जातात, त्यामुळे हा ओलावा तसाच ठेवायची माझी तयारी नाही. आसन न काढता गालिच्याची कड उचलून, खाली ठोकळे ठेवून पंखा लावला तर स्पंज आतपर्यंत वाळतो का, की तो बाहेरच काढावा लागतो?