गाणाऱ्याच्या मनात काय होतं, याचं ऐकणाऱ्याला काय?

खर्ज
माझ्या आवडत्या गाण्याचा 'खरा अर्थ' सांगून एकाने परवा माझा विरस केला. वर 'इतकी वर्षं तू चुकीचं ऐकत होतास' हेही ऐकवलं. गाणं चुकीचं ऐकतात म्हणजे काय करतात?

बेथोवनने १८०१ साली एक पियानो सोनाटा रचला. त्याने दिलेल्या नावात चंद्र कुठेच नाही. पुढे रेलश्टाब या समीक्षकाला त्यात सरोवरावरचं चांदणं दिसलं आणि 'मूनलाइट' हे नाव चिकटलं ते कायमचं. आता त्या चांदण्यात हरवणारे सगळे चुकीचे? रचून झालं की रचनाकाराचा हक्क संपला.

कोमल निषाद
साफ नामंजूर. सोनाट्याला शब्द नाहीत म्हणून हे खपून जातं. अमेरिकन गायक स्प्रिंगस्टीनचं १९८४चं 'बॉर्न इन द यूएसए' घ्या. व्हिएतनामहून परतलेला, काम न मिळणारा सैनिक त्यात बोलतोय. लोकांनी ध्रुवपद तेवढं उचललं आणि देशाभिमानाचं गाणं करून टाकलं. त्याच वर्षी प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा दाखला दिला! कडवी न ऐकता काढलेल्या अर्थाला मी 'माझा अर्थ' म्हणणार नाही, आळस म्हणेन.

खर्ज
पण ते दणदणीत ड्रम्स कोणी घातले? मुठी आवळून ओरडावंसं वाटेल अशी चाल दिली तर लोक ओरडणारच. पुढे तो स्वतःच ते एकट्या गिटारवर, संथ म्हणू लागला. म्हणजे मनातलं आधी सुरांत पुरतं उतरलं नव्हतं, असं त्यालाही वाटलं असेल.

कोमल निषाद
किंवा ती विसंगती हेच गाणं असेल. वर जल्लोष, आत राख. हे कळायला त्याला काय म्हणायचंय ते बघावं लागतंच ना?

बेसूर
दोघंही असं धरून चालताय की रचनाकाराच्या मनात एक अर्थ आधीपासून तयार असतो. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीने १९६०च्या सुमारास ५२ तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. नाव काय, तर तिचा कालावधी: ८ मिनिटं ३७ सेकंद. तंतूंमधून किती निरनिराळे आवाज निघतील, हा त्याचा शोध होता. मग ती प्रत्यक्ष वाजताना ऐकली आणि तोच हादरला. नंतर ती त्याने हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली आणि शीर्षकही तसंच दिलं. अर्थ सापडला तेव्हा तो श्रोत्याच्या खुर्चीत बसला होता.

(अवांतर: मी ती एकदाच ऐकलीय. रात्री, दिवे घालवून. परत धाडस नाही.)

खर्ज
वा! हे माझ्याच बाजूचं झालं.

कोमल निषाद
घाई नको. ते शीर्षक माहीत झाल्यावर तीच रचना नुसती 'आवाजांचा शोध' म्हणून ऐकून दाखवा. मला नाही जमत. व्हायोलिनची किंकाळी आता किंकाळीच वाटते. त्याने उशिरा सांगितलं, पण सांगितल्यावर फरक पडलाच.

खर्ज
हं. हे मान्य करावं लागेल, कारण माझ्या त्या गाण्याचंही तेच झालंय. परक्या भाषेतलं आहे. मी ते अंगाईगीत समजून मुलीला झोपवताना लावायचो. निघालं मृत्यूवरचा विलाप. काल सवयीने लावलं आणि दुसऱ्या ओळीला बंद केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, लाव ना."

बेसूर
मग?

खर्ज
लावलं. ती झोपली. मी जागा.